जानेवारीतला वढवाणा: मित्रमंडळींसोबत पहिल्यांदा पक्षी बघायला जाताना

जानेवारीचा पहिला आठवडा आला की बडोद्यात "या रविवारी वढवाण्याला जाऊ या" असं ठरतं. आठ-दहा जण हौसेने निघतात, नऊच्या सुमारास पोहोचतात, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, गप्पा मारत एक फेरी होते आणि "लांब पाण्यात काळे ठिपके होते, बदकं असावीत" एवढंच सांगत मंडळी परततात. त्याच सकाळी त्याच पाळीवर दुसऱ्या कुणाला चाळीस-पन्नास जाती दिसलेल्या असतात. ते लवकर पोहोचले आणि एका जागी थांबले, एवढाच काय तो फरक. पुढच्या बहुतेक सूचना या दोन गोष्टी जमाव्यात म्हणूनच आहेत.

वढवाणा समजून घ्या

वढवाणा डभोई तालुक्यात, बडोद्यापासून साधारण ४५ किमीवर आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १९०९-१० च्या सुमारास, शेतीला पाणी पुरवण्यासाठी हा तलाव बांधला गेला. ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून कालव्याने इथे येतं. २०२१ मध्ये गुजरातेतल्याच थोळ तलावासोबत वढवाण्याचंही नाव रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. मध्य आशियातून भारतात उतरणाऱ्या पाणपक्ष्यांच्या हवाई वाटेवरचा हा मोठा मुक्काम आहे.

हा तलाव आजही सिंचनाचाच आहे आणि कोणते पक्षी कधी दिसतील हे त्यावरच ठरतं. जानेवारीच्या सुरुवातीला पाणी भरपूर असतं. तेव्हा राज्य असतं बदकांचं, कलहंसांचं आणि वारकऱ्यांचं, म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पाणपक्ष्यांचं. गव्हाला पाणी सुटत जातं तशी पातळी उतरते, काठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि तुतवार, चिखल्या, शेकाटे अशी चिखलात चोच खुपसणारी मंडळी वाढतात. म्हणून एकाच हिवाळ्यात दोनदा जावं: एकदा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, एकदा फेब्रुवारी संपताना. एकाच खेपेत सगळं बघू म्हणणाऱ्यांच्या हाती दोन्हीतलं अर्धंच लागतं.

आधी कमाटीबागेत एक सकाळ

दुर्बीण पहिल्यांदा हातात घ्यायची जागा वढवाणा नव्हे. तिथे पक्षी दोनशे-तीनशे मीटरवर बसलेले असतात आणि नवख्या हाताला दुर्बिणीत नुसतं पाणी दिसत राहतं. आदल्या रविवारी सगळ्यांनी सयाजीबागेत, म्हणजे आपल्या कमाटीबागेत, सकाळी दोन तास काढावेत. तांबट, पोपट, शिंजीर, दयाळ, मैना हे पक्षी जवळून दिसतात, माणसांना फारसे बुजत नाहीत, आणि चुकीला पुन्हा संधी मिळते.

तिथे दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना जुळवून घेणं. ही जुळवणी प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून दुर्बीण हातोहात फिरली की प्रत्येक वेळी ती पुन्हा करावी लागते.

१. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी वाटी आत दाबा किंवा दुमडा, नसेल तर बाहेर ओढा. हे चुकलं की भोवती काळी कड दिसते.

२. दोन्ही नळ्या मधल्या बिजागरीवर जवळ-लांब करा, दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईपर्यंत.

३. साधारण ५० मीटरवरची बारीक तपशिलाची वस्तू निवडा, उदाहरणार्थ एखादी पाटी. उजवी भिंग हाताने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा, आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला पाटी स्पष्ट करा.

४. आता डावी भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची छोटी कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा.

५. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

चौथी पायरी बहुतेक जण सोडून देतात, आणि मग तासाभरात डोकं दुखायला लागलं की दोष दुर्बिणीला देतात.

दुसरी गोष्ट, पक्षी दुर्बिणीत "पकडणं". नजर पक्ष्यावर खिळवून ठेवा आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणून डोळ्यांना लावा. नवखा माणूस आधी दुर्बीण लावतो आणि मग तिच्यातून पक्षी शोधत बसतो, तोवर पक्षी उडालेला असतो. तांबटावर वीस वेळा हे केलंत की हात आपोआप बसतो.

दुर्बीण कोणती

दुर्बिणीवर ८x४२ किंवा १०x४२ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पहिल्या खरेदीसाठी आम्ही ८x४२ सुचवतो. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिमी येतात. एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, म्हणून पहाटेच्या अंधूक उजेडातही चित्र उजळ राहतं. ८ पटीत हाताची थरथर कमी जाणवते आणि एका वेळी दिसणारा परिसरही मोठा असतो. २०x५० किंवा झूमवाल्या दुर्बिणी स्वस्तात मिळतात आणि आकडा मोठा म्हणून मोह होतो, पण हातात धरून त्यातून बदकाचा डोळा कधीच स्थिर दिसत नाही.

सगळ्यांनी लगेच दुर्बीण घ्यायची गरज नाही. सहा जणांत तीन दुर्बिणी पुरतात. मात्र वढवाण्यासाठी गटात एक स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावून एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, तिपाईसकट कुणाकडून तरी मागून आणावा. २० ते ६० पटीच्या स्कोपमधून मधोमध बसलेल्या बदकांचं पीस न् पीस दिसतं. त्याचा उपयोग पहिल्या तीन तासांतच करून घ्यावा, कारण साडेदहानंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि जितकी पट जास्त तितकं चित्र हलतं. वारा असेल तर तिपाईचे पाय फार लांबवू नका, ती बुटकी ठेवा, मधल्या दांड्याला पाठपिशवी अडकवा आणि वीस पटीवरच समाधान माना.

थंडीत डोळ्यांकडची भिंग श्वासाने धुरकट होते. घाईने मफलरने पुसू नका. तिच्यावर डभोई रस्त्याची बारीक धूळ असते आणि पुसताना तीच भिंगेवर ओरखडे काढते. आधी हवेच्या पंपाने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा, मग चष्म्याचं कापड फिरवा. श्वास बाजूला सोडायची सवय लावली तर पुसायची वेळच कमी येते.

किती जण, कोण काय करणार

सहा ते आठ. दहाच्या वर गेलं की मागचे चार जण गप्पाच मारतात, त्यांचा दोष नसतो, पुढचं त्यांना दिसतच नाही. आठांमध्ये कामं वाटून घ्या. एकाने फक्त यादी लिहायची. एकाने स्कोप सांभाळायचा. एकाने घड्याळ बघायचं आणि "आता दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही" हे सांगायचं. हे काम गटातल्या ज्या माणसाचं सगळे ऐकतात त्यालाच द्या. मावशी किंवा काका सोबत असतील तर त्यांच्याकडेच. लहान मुलं असतील तर त्यांना वारकरी मोजायला लावा, ती मोठ्यांपेक्षा नेटाने मोजतात.

कपडे मातकट, खाकी, करडे, गडद हिरवे. पांढरा आणि लाल टाळा. पहाटे पारा १२ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी २८-२९ वर जातो, त्यामुळे एका जाड जॅकेटऐवजी टी-शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर वाऱ्याला अडवणारं पातळ काही, असे थर घाला. साडेनऊला स्वेटर उतरतोच. बूट बंद आणि जाड तळाचे हवेत. वेड्या बाभळीचे काटे, ज्याला इथे गांडो बावळ म्हणतात, चप्पल आरपार करतात आणि गाडीचं टायरही. म्हणून गाडी कच्च्यात, झुडपांकडे उतरवू नका.

खाणं घरून न्या. थालीपीठ, थेपले, तिळाच्या वड्या, थर्मासमध्ये चहा. चुरचुरणारी पाकिटं घरीच डब्यात रिकामी करून घ्या, शांत पाळीवर तो आवाज खूप लांब जातो. आणि पक्ष्यांना काही घालू नका. गुजरातेत तलावांवर कुरवांना, म्हणजे सीगलना, गाठिया टाकायची पद्धत पडली आहे. मीठ, तेल आणि सोडा मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जातो, आणि हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी शिकार सोडून माणसाच्या हाताकडे बघायला लागतो. समोर कुणी टाकत असेल तर भांडू नका, शांतपणे हे कारण सांगा. बरेच लोक ऐकतात.

निघायचं कधी

जानेवारीच्या सुरुवातीला बडोद्यात सव्वासातनंतर सूर्य उगवतो. त्याच्या अर्धा तास आधी तुम्ही पाळीपाशी असायला हवं. म्हणजे साडेपाचला शेवटचा माणूस गाडीत. दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर, मकरपुरा अशी घरोघरी गाडी फिरवत बसलात तर पाऊण तास त्यातच जातो. सगळ्यांनी कपुराई चोकडीला भेटायचं ठरवा, ठरल्या वेळेनंतर पाच मिनिटं थांबा आणि निघा. पेट्रोल आदल्या संध्याकाळी. प्रवेशाची वेळ आणि शुल्क आदल्या दिवशी वन विभागाकडे विचारून ठेवा, सुट्टे पैसे आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

डभोईचा रस्ता केवडियाला, स्टॅच्यू ऑफ युनिटीकडे जाणाराही आहे. नाताळपासून पहिल्या आठवड्यापर्यंत आणि प्रत्येक शनिवार-रविवारी आठनंतर तो भरून वाहतो. पुतळा सोमवारी बंद असतो, त्यामुळे सुट्टी काढता येत असेल तर सोमवारसारखा दिवस नाही: रस्ता मोकळा, पाळही मोकळी. बाथरूमसाठी डभोईतच थांबून घ्या, विशेषतः गटात बायका-मुली असतील तर हे आधीच ठरवून ठेवा म्हणजे नंतर कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

पाळीवर

पोहोचलात की पहिली दहा मिनिटं दुर्बीण गळ्यातच राहू द्या. आकाशाकडे बघा. या वेळी कलहंस शेतांकडून पाण्याकडे परतत असतात. ते संध्याकाळी आणि रात्री गव्हा-हरभऱ्यात चरतात आणि दिवसा पाण्यावर किंवा काठावर विसावतात. त्यांची रांग आधी कानाला कळते, मग डोळ्याला. मोठे, राखी, जाड गुलाबी चोचीचे ते कलहंस, ज्यांना गुजराती मंडळी गाजहंस म्हणतात. फिकट राखाडी, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे ते पट्टेरी कलहंस, इथले राजहंस. यांची वीण तिबेट, मंगोलिया, लडाखकडे होते आणि हिमालय ओलांडताना त्यांची उंची सात हजार मीटरच्या वर नोंदली गेली आहे. क्रौंचांचे थवे उलट दिशेने जातात: रात्र उथळ पाण्यात काढायची, उजाडलं की शेतात. स्थानिक शेतकऱ्याला विचाराल तर तो त्यांना कुंज म्हणेल. उडताना मान सरळ पुढे ताणलेली असेल तर क्रौंच, चित्रबलाक किंवा चमच्यासारख्या चोचीचा चमचा पक्षी. मान दुमडून छातीत घेतलेली असेल तर बगळा. एवढं एक लक्षात ठेवलं तरी पहिल्या दिवशीच्या अर्ध्या चुका टळतात.

मग जागा निवडा. सूर्य पाठीशी हवा. ऊन समोरून आलं की लाल डोक्याची लालसरी आणि काळा वारकरी दोन्ही काळे ठिपकेच दिसतात, आणि लोक परत येऊन जे "काळे ठिपके" सांगतात ते बरेचदा यामुळेच. झाडाच्या सावलीत, मागे झुडूप असेल अशा ठिकाणी बसा, म्हणजे तुमची आकृती आकाशावर उठून दिसत नाही. एका जागी किमान चाळीस मिनिटं. सकाळभरात तीन जागा, चौथी नाही. पहिली पंधरा मिनिटं काठ रिकामा वाटतो, कारण तुम्ही येताना सगळे आत सरकलेले असतात. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला लव्हाळ्यातून जांभळी पाणकोंबडी बाहेर पडते, धोबी पक्षी काठावर उतरतो, शंकर नावाचा छोटा पक्षी गळ्यावरचा निळा-तांबडा पट्टा दाखवत चिखलात धावतो. त्यांना तुमची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. उठून पुढे गेलात की हे सगळं पुन्हा शून्यापासून.

वारकऱ्यांकडे लक्ष ठेवा, ते तुमचे पहारेकरी आहेत. काळा पक्षी, लाल डोळा, कपाळावर गंध लावल्यासारखा पांढरा टिळा. मराठीत वारकरी आणि गुजरातीत भगतडुं. दोन्ही भाषांना त्या टिळ्यात भक्तच दिसला. चरताना त्यांच्या माना खाली-वर होत असतात. त्या एकदम थांबल्या, सगळी डोकी वर आली आणि ते हळूहळू तुमच्यापासून लांब पोहायला लागले, तर तुम्ही जास्त जवळ गेला आहात. तिथेच थांबा, दोन पावलं मागे घ्या, खाली बसा. याच्या पुढची पायरी म्हणजे ते पाण्यावर धावत सुटतात आणि त्यांच्यासोबत अख्खा तलाव उठतो. त्यांचे पाय स्कोपमधून नक्की बघा: बदकासारखा सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला पानासारख्या सुट्या झालरी असतात. त्या झालरींच्या जोरावर ते पाण्यावर पळतात आणि चिखलातही रुतत नाहीत.

उठवलेला थवा म्हणजे वाया गेलेली चरबी. मार्चमध्ये परतीच्या उड्डाणासाठी हे पक्षी ती साठवत असतात. म्हणून थव्यात दगड टाकणं, उडताना फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणं, ड्रोन उडवणं, मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावणं, यातलं काहीही नको.

आणखी एक, सुरक्षेचं. विश्वामित्री नदी आणि आजवा तलावातल्या मगरींमुळे बडोदेकरांना हे सांगायला नको, तरी सांगतो: आसपासच्या कुठल्याही पाण्यात मगर आहे असं धरूनच चाला. पाण्याच्या कडेपासून पाच मीटर लांब, लव्हाळ्यात पाय नाही, पाण्याशी वाकून हात धुणं नाही. थंडीत दहाच्या पुढे मगरी उन्हात अंग शेकायला काठावर येतात आणि चिखलात ओंडक्यासारख्या पडून असतात.

"तो बघ तिकडे!"

या वाक्याने आजवर कुणालाही पक्षी दिसलेला नाही. पोहोचल्यावर समोरच्या देखाव्यातल्या चार-पाच खुणा सगळ्यांनी मिळून ठरवा आणि त्यांना नावं द्या: वाकडी बाभूळ, खांब, पांढरा दगड, दोन ताडं. मग खुणेपासून सांगायचं: "खांबाच्या डावीकडे दीड मूठ, पाण्याच्या रेषेवर." हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. ८x४२ दुर्बिणीत एका वेळी सुमारे ८ अंश दिसतात. म्हणजे एक मूठ सरकलात की जवळजवळ एक दुर्बीणभर देखावा सरकला. दहा मिनिटांत सगळ्यांना जमतं आणि मग बोलणं निम्म्यावर येतं.

बदकं ओळखायची कशी

रंगापासून सुरुवात करू नका. आधी पक्षी काय करतोय ते बघा.

डोकं पाण्यात, शेपूट आकाशाकडे, अशी उलटी होऊन चरणारी बदकं पृष्ठभागावरची. ती पाण्यावर उंच तरंगतात, शेपटी पाण्याच्या वर राहते आणि उडताना जागेवरून सरळ वर उसळतात. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, गडवाल ही यातली. सबंध बुडी मारून दिसेनाशी होणारी आणि दहा-पंधरा सेकंदांनी दुसरीकडे वर येणारी ती बुडी मारणारी. ती पाण्यात खोल बसतात, शेपटी पाण्याला टेकलेली असते आणि उडायच्या आधी पाण्यावर धावत जातात. लालसरी आणि शेंडी बदक ही या घरातली. सगळी बदकं झोपलेली दिसली, चोच पाठीत खुपसलेली, तरी निराश होऊ नका. बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा झोप काढतात. दर पाच-सात मिनिटांनी एखादं डोकं वर करतं, तेवढ्यासाठी थांबायचं.

नवख्यांनी पहिल्या दिवशी थापट्या पक्का करावा. चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला थापीसारखी रुंद, दुरूनही चुकत नाही. नर गडद हिरव्या डोक्याचा, पांढऱ्या छातीचा, कुशीला विटकरी. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात, त्यातून पाणी गाळून तो किडे आणि बिया ठेवून घेतो. पाच-सहा थापटे एकामागे एक गोल फिरताना दिसले तर तिथेच नजर लावून बसा: प्रत्येक जण पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं पाणी गाळत असतो. हे चक्र कधीकधी वीस-वीस मिनिटं चालतं.

लालसरीत दोन आहेत. छोट्या लालसरीच्या नराचं डोकं तांबूस-विटकरी, छाती काळी, पाठ राखाडी. मोठ्या लालसरीच्या नराचं डोकं फुगीर आणि नारिंगी, चोच टपोर लाल. मोठी लालसरी पश्चिम भारतात एरवी कमी दिसते, पण वढवाण्याला हिवाळ्यात ती नियमाने येते. बडोदेकरांना ती घराजवळ बघायला मिळते, म्हणून स्कोपमधली वीस मिनिटं खास तिच्यासाठी राखून ठेवावीत. माद्या सगळ्याच तपकिरी असतात. पहिल्या वर्षी त्यांच्यामागे लागू नका, शेजारी कोणता नर आहे त्यावरून अंदाज करा आणि यादीत "बदक, अनोळखी" लिहा. तसं लिहिणं ही प्रामाणिक नोंद आहे.

मोजायचं कसं

दहा पक्षी एकेक करून मोजा. त्या दहांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते नजरेत भरा, तसे दहा तुकडे म्हणजे शंभर. मोठा थवा असेल तर दुर्बिणीच्या एका चौकटीत किती मावतात ते मोजा, समजा ४५, आणि थवा सात चौकटी पसरला असेल तर साधारण ३१५. थवा एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ असतो, म्हणून दाट आणि विरळ अशी एकेक चौकट वेगळी मोजल्याशिवाय गुणाकार करू नका.

मिश्र थव्यात आधी एकूण आकडा काढा. मग एका टोकापासून सलग शंभर पक्षी बघत जा आणि दुसऱ्याला लिहायला सांगा: ६२ वारकरी, २१ तलवार, उरलेले इतर. तेच प्रमाण एकूण आकड्याला लावा. नेहमी होणारी चूक अशी की तिघं तीन ठिकाणी मोजतात आणि संध्याकाळी बेरीज करतात. थवा उडून दुसरीकडे बसला की तेच पक्षी तीनदा मोजले जातात. एका जातीचा एका वेळी दिसलेला सर्वांत मोठा आकडा तेवढाच धरायचा.

वहीत तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, किती अंतर चाललात, ऊन की ढग, वारा, आणि पाण्याची पातळी. पातळीसाठी पाळीच्या दगडांवरची एखादी ठळक खूण ठरवा आणि दर खेपेला तिथूनच मोबाइलवर फोटो काढा. यादी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, त्याच दिवशी भरा, उद्यावर गेली की आकडे विसरतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होते. एक-दोन खेपा झाल्या की तिच्यात सामील व्हा. जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून मोजलं की सहा महिन्यांचं शिक्षण एका सकाळी होतं.

उत्तरायणाच्या आसपास

१४ आणि १५ जानेवारीला, म्हणजे पतंगांच्या उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला, वढवाण्याचा बेत आखू नका. त्याआधी-नंतरच्या चार-पाच दिवसांत दुचाकीने जाणार असाल तर गळ्याला जाड मफलर गुंडाळा आणि हँडलला मांजा अडवणारी तारेची कमान लावून घ्या. मांजा गळा कापतो, हे बडोद्यात दरवर्षी घडतं.

पक्ष्यांचं त्याहून वाईट होतं. बगळे, कुदळे, घारी, चित्रबलाक सकाळी चरायला आणि संध्याकाळी रातथाऱ्याला शहरावरून जातात, नेमक्या त्याच वेळी आकाशात दोरा असतो. या दिवसांत गाडीत एक पुठ्ठ्याचं खोकं, जुना सुती पंचा आणि बोथट टोकाची कात्री ठेवा. अडकलेला पक्षी सापडला तर मांजा ओढू नका, ओढलं की तो मांसात आणखी रुततो. आधी पंचा डोक्यावरून टाका, अंधार झाला की पक्षी शांत होतो. जखमेच्या दोन्ही बाजूंना थोडं अंतर ठेवून मांजा कापा, जखमेतला तुकडा तसाच राहू द्या. बगळ्याची चोच डोळ्यावर येते, म्हणून चेहरा लांब आणि एक हात त्याच्या मानेवर. पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका: श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं आणि पाणी सरळ फुप्फुसात जातं. मग वन विभागाच्या १९२६ किंवा पशू रुग्णवाहिकेच्या १९६२ या क्रमांकावर फोन. या दिवसांत गुजरात सरकारचं जखमी पक्षी वाचवण्याचं करुणा अभियान चालू असतं आणि ठिकठिकाणी उपचार केंद्रं उघडलेली असतात.

परतताना

साडेदहा-अकराला आवरा. गाडीपाशी उभं राहून यादी मोठ्याने एकदा वाचा. प्रत्येक नावाला "कुणी पाहिला, कसा ओळखला" विचारा, आणि ज्याला कुणाकडेच उत्तर नाही ते नाव खोडा. फोटो असतील तर स्कोप बंद करायच्या आधी, पक्षी समोर असतानाच ताडून घ्या. कचऱ्याची पिशवी गाडीत, पाळीवर नको. मग डभोईत चहा किंवा थेट बडोद्यात सेव-उसळ.

घरी आल्यावर दुर्बीण पेटीत लगेच बंद करू नका. दवाने तिचा पट्टा आणि बिजागरी दमट झालेली असते, आणि बंद पेटीत भिंगेवर बुरशी धरते. दोन तास पंख्याखाली उघडी ठेवा, मग सिलिका जेलच्या पुडीसोबत आत. कॅलेंडरवर फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारावर खूण करा: तोवर पाणी दोन हात उतरलेलं असेल, कलहंस जायच्या तयारीत असतील, आणि जानेवारीत जिथे नुसतं पाणी होतं तिथे शेकाटे चालत असतील.